चौदा दिवसांची तळरेषा

हेमलता जंगम यांनी दाराबाहेर जी पाटी लावली, तिच्यावर असा मजकूर होता : 'मापन चालू आहे. दिनांक ६ ते १९ नोव्हेंबर. कृपया बेल वाजवू नये.' अक्षरे सरळ, सारख्या उंचीची. आधी पेन्सिलीने दोन रेषा मारून, मधे अक्षरे बसवून, मग रेषा खोडलेल्या. मिरजेच्या तंत्रनिकेतनात पहिल्या सत्रात आरेखनाच्या तासाला हे शिकवले होते, त्याला आता पन्नास वर्षे होत आली होती.

पाटीचे कारण त्यांच्या डाव्या कानावर बसले होते. कंपनीने त्या उपकरणाला लांबलचक नाव दिले होते. पण ते कानाच्या वरच्या खळग्यात चिमट्यासारखे बसे आणि बाहेरून मोत्याएवढे दिसे, म्हणून लोक त्याला 'बुगडी' म्हणत. सोरायसिसच्या रुग्णांसाठी ते नुकतेच बाजारात आले होते. लावल्यावर पहिले चौदा दिवस ते काहीच करत नसे, फक्त पाहत असे. हृदयाचा प्रत्येक ठोका, दोन ठोक्यांमधले अंतर, त्वचेचे तापमान, श्वासाची गती. या नोंदींवरून ते त्या माणसाची तळरेषा, म्हणजे नेहमीची पातळी, ठरवी आणि पंधराव्या दिवसापासून कामाला लागे.

पुस्तिकेत त्या काळाबद्दल एकच सूचना होती : 'पहिले चौदा दिवस नेहमीसारखे राहावे.'

'नेहमीसारखे' हा शब्द हेमलताबाईंना तांत्रिक पुस्तिकेत शोभणारा वाटला नाही. नेहमीसारखे म्हणजे किती अंशांना, किती आर्द्रतेत, जेवणानंतर किती वेळाने? एका जलविद्युत केंद्राच्या उपकरण विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती. दाबमापक तपासायचा तर आधी त्याची झडप बंद करायची, बाहेरच्या सगळ्या दाबापासून त्याला तोडायचे, मगच काटा शून्यावर आणायचा. पाइपात दाब असताना शून्य ठरवणारा माणूस त्यांच्या हाताखाली एक आठवडाही टिकला नसता. त्यांनी स्वतःची कार्यपद्धती लिहून काढली. फोन बंद. रेडिओ बंद. जेवण ठरल्या वेळी. भेटीगाठी नाहीत.

फोन बंद करण्याच्या आदल्या दिवशी तासगावहून भावाचा फोन आला. श्रीरंग त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याचे पंपदुरुस्तीचे दुकान होते आणि आवाज पंपाशेजारी उभे राहून बोलल्यासारखा.

"अक्का, भाऊबीजेला साडेदहाच्या गाडीनं येतोय. पुरणाचं काही करत बसू नकोस, गुडघे धरतील."

"या वर्षी नको, श्रीरंग. माझी तळरेषा चालू आहे."

"कुठली रेषा?"

"हृदयाची. चौदा दिवस कोणी भेटायचं नाही."

"डॉक्टर म्हणाल्या तसं?"

"डॉक्टर म्हणाल्या, नेहमीसारखं राहा. पण ते मोघम आहे."

"अगं मग भाऊबीज नेहमीचीच असती की!"

"वर्षातून एक दिवस. म्हणजे सरासरीच्या हिशेबात तो अपवाद."

मग तो म्हणाला, "बरं. अपवादाला पुढच्या वर्षी बोलव."

तरीही तो आला. भाऊबीजेच्या दिवशी जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज हेमलताबाईंनी ओळखला. पावले दारापर्यंत आली आणि थांबली. पाटी वाचायला लागतो त्याहून बराच अधिक वेळ ती थांबली होती. मग सावकाश खाली गेली. संध्याकाळी दार उघडले तेव्हा उंबऱ्याशी बेदाण्यांचा डबा होता. त्यांनी तो आत घेतला आणि त्या तासाच्या नोंदीपुढे वहीत लिहिले : 'बाह्य अडथळा. ठोके ९१ पर्यंत. वगळावे.' उपकरणाला तशी आज्ञा देण्याची सोय होती. त्यांनी ती दिली.

*

सोरायसिस हा केवळ कातडीचा आजार आहे असे पूर्वी मानत. शरीराचे संरक्षक दल स्वतःच्याच त्वचेवर चालून जाते. जी पेशी तयार होऊन गळून पडायला महिना घेते, ती चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर येते आणि लाल चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे साचत राहतात. पण हा दाह कातडीपुरता थांबत नाही. तो रक्तातून फिरतो, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला खरवडतो, आणि म्हणून अशा रुग्णांत हृदयविकाराचा धोका वाढतो. त्याहून आतली गोष्ट म्हणजे स्वायत्त तंत्रिका तंत्राचा तोल. आपण न सांगता हृदय चालवणाऱ्या या तंत्राच्या दोन शाखा आहेत. एक पळण्यासाठी, लढण्यासाठी हृदयाला टाच मारते. दुसरी, तिची मुख्य दोरी प्राणेशा तंत्रिका, लगाम खेचून त्याला विसावा देते. जुनाट दाह असलेल्यांत टाच कायम लागलेली राहते आणि लगाम सैल पडतो.

हे ठोक्यांमध्ये दिसते. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. श्वास घेताना ते किंचित घाई करते, सोडताना किंचित रेंगाळते. दोन ठोक्यांमधले अंतर कधी आठशे मिलिसेकंद, कधी आठशे चाळीस, कधी सातशे साठ. हेमलताबाईंचा पहिला आलेख समोर आला तेव्हा त्यांचे अंतर होते सहाशे ऐंशी, सहाशे एक्क्याऐंशी, सहाशे ऐंशी. त्या अभिमानाने म्हणाल्या होत्या, "बघा, किती नियमित आहे!"

डॉक्टर तबस्सुम मुजावर त्यांच्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर. त्या म्हणाल्या, "हेमलताताई, तीच तर माझी काळजी आहे."

प्राणेशा तंत्रिकेची एक बारीक फांदी कानाच्या त्या खळग्यात पोहोचते. तिथे मंद विद्युत् स्पंद दिला की लगाम पुन्हा ताठ होतो, हृदय विसावते, आणि त्याच तंत्रिकेच्या वाटेने प्लीहेपर्यंत निरोप जाऊन दाहकारक द्रव्यांचा कारखाना मंदावतो. बुगडी इतकेच करी. हृदय तळरेषेपासून ढळले की स्पंद देई आणि त्याला रेषेवर आणी.

हेमलताबाईंना हा आजार पस्तिसाव्या वर्षी झाला. कोपर, गुडघे, मग बोटांचे सांधे, मग केसांची कड. आजार संसर्गजन्य नाही हे विभागातल्या प्रत्येकाला माहीत होते, तरी चहाच्या ट्रेमध्ये त्यांचा कप नेहमी कडेला असे. ठरत आलेले एक लग्न थांबले. आईने त्यांचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर टांगायला सुरुवात केली, आणि ती गेल्यावरही तो खिळा तसाच राहिला. दोन प्रकारची इंजेक्शने झाली. प्रत्येकाने दोन-तीन वर्षे साथ दिली आणि मग काम सोडले. लोक टाळण्याआधी आपणच बाजूला व्हायचे, हे कौशल्य त्यांनी इतर कौशल्यांसारखेच नीट आत्मसात केले होते.

बुगडीने दहा आठवड्यांत काम केले. जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या कोपरांवर फक्त फिकट डाग उरले होते. एकतीस वर्षांनी त्यांनी अर्ध्या बाहीचा झंपर शिवून घेतला. शिंप्याने हाताचे माप घेतले तेव्हा पट्टी दंडाला लागली आणि त्याने ती झटकली नाही. घरी येऊन त्यांनी हे वहीत लिहिले नाही, कारण त्याला एकक नव्हते.

दर रविवारी बुगडी अहवाल देई. ज्या दिवशी घरात राहावे, त्या दिवशी स्थैर्य पंच्याण्णवच्या वर. वाचनालयात गेले की अठ्ठ्याऐंशी. हेमलताबाईंनी वाचनालय आठवड्यातून तीनदाचे एकदा केले, मग बंद केले. शेजारच्या चौगुलेबाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या तर त्यांनी दारातूनच नकार दिला. वाईट वाटले नाही. कशाचेच फारसे वाईट वाटत नव्हते. संध्याकाळी गॅलरीत बसून त्या समोरच्या चिंचेवरचे पक्षी मोजत आणि हे सुख आहे असे समजत.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीरंग न सांगता आला. दाराला पाटी नव्हती, तरी त्याने बेलवर बोट ठेवण्याआधी चौकटीवर दोन्ही बाजूंना पाहून घेतले.

"काय अक्का! हात तर एकदम नवे कोरे! आणि म्हातारपणी बुगडी! आता बोहल्यावर चढवायचीच बाकी आहे तुला."

"बस. चहा ठेवते."

"बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"डॉक्टर लोकांनी धरलंय मला."

चहा होईपर्यंत तो दुकानाबद्दल बोलला, कॅनडात हॅलिफॅक्सला असलेल्या मुलीबद्दल बोलला, चार वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचे, सुनंदाचे, शिलाई यंत्र शेवटी कोणाला तरी देऊन टाकले असे म्हणाला. कप हातात घेतल्यावर त्याने विषय बदलला.

"छातीतली मोठी धमनी फुगलीय माझी. फुग्यासारखी. तपासणीत सापडली. फुटली तर दवाखान्यापर्यंत पण पोचत नाही म्हणे माणूस."

"व्यास किती?"

"काय?"

"धमनीचा. किती सांगितला?"

"पाच पूर्णांक आठ."

"सेंटिमीटर. म्हणजे अठ्ठावन्न मिलिमीटर. पंचावन्नच्या वर शस्त्रक्रिया करतात. बरोबर आहे त्यांचं."

"तेवीस मार्चला करायची म्हणतात. सांगलीत. छाती उघडून. विसात एक जातो म्हणाले."

"पाच टक्के. म्हणजे पंच्याण्णव टक्के यश. चांगलं प्रमाण आहे."

श्रीरंगने कप खाली ठेवला. तो हसला, पण हसणे अर्ध्यावर मोडले. "अक्का, मी रात्री झोपत नाही गं. कूस बदलली की वाटतं, फुटली. घरात कोण आहे ऐकायला? पोरीला अजून सांगितलं नाही. पहिल्यांदा तुला सांगतोय."

हेमलताबाईंना कळत होते की या वेळी काही तरी व्हायला हवे. छातीत काही दाटायला हवे, घसा आवळायला हवा. कानाच्या खळग्यात बारीक झिणझिणी आली आणि सगळे शांत, सपाट झाले. समोर एक माणूस रडत होता, आणि तो त्यांचा भाऊ आहे ही माहिती त्यांच्यापाशी होती.

"काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. "फाइल घेऊन ये. मी वाचून ठेवते."

श्रीरंगने रुमालाने तोंड पुसले.

"सुनंदा गेली तेव्हा तू माझ्याकडं पंधरा दिवस राहिली होतीस. हातमोजे घालून भाकऱ्या थापल्यास. चूल पेटवताना रडत होतीस ते मी पाहिलंय. त्या बाईला भेटायला आलो होतो मी." तो उठला. "फाइल नको. दवाखान्यात पण येऊ नकोस. तिथं यंत्रं आधीच पुष्कळ असतात."

"श्रीरंग, बस तरी."

"बसलो होतो की. पाऊण तास." तो चपला घालून निघून गेला.

दार लावून त्या परत आल्या. त्याचा चहा अर्धा उरला होता. त्या वेळीही त्यांचे ठोके बासष्ट होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उपकरणातील नोंदी काढल्या आणि आलेखाच्या कागदावर हाताने मांडल्या. संगणकाने काढलेल्या आलेखावर त्यांचा विश्वास होता, पण हाताने काढताना डोळा प्रत्येक बिंदूपाशी थांबतो. एकट्या असताना बुगडी तासाला दोन-तीन स्पंद देत होती. श्रीरंग बसला होता त्या पंचेचाळीस मिनिटांत तिने एक्केचाळीस दिले होते. त्याने 'फुटली' म्हटले त्या मिनिटात पाच. हृदय दर वेळी उसळायला निघाले होते आणि दर वेळी खाली दाबले गेले होते.

भावना हृदयात तयार होत नाही हे त्या जाणून होत्या. पण शरीर हलल्याशिवाय ती मनाला पोहोचतही नाही. काळीज धडधडते, पोटात खड्डा पडतो, तेव्हा आपल्याला कळते की आपण घाबरलो आहोत. तो निरोपच वाटेत अडवला तर मनाला फक्त वार्ता मिळते.

मग त्यांनी नोव्हेंबरच्या नोंदी काढल्या. चौदा दिवस. एकही उंचवटा नाही. जो एक होता, तो त्यांनीच वगळला होता.

हातातली पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. केंद्रात नव्या उमेदवारांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, काटा हलत नसेल तर यंत्र स्थिर आहे असे समजू नका. काचेवर टिचकी मारा. तरीही हलला नाही तर तो अडकला आहे. आणि त्यांनी स्वतः झडप बंद करून, पाइपातला सगळा दाब काढून एका हृदयाचे शून्य ठरवले होते. दाबमापकाचे शून्य दाबाबाहेर असते. माणसाचे शून्य माणसांबाहेर ठरवता येत नाही, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक होते आणि त्याने साध्या शब्दात लिहिलेही होते. बुगडीने काही चूक केली नव्हती. तिला जे आयुष्य दाखवले, ते ती इमानाने राखत होती.

*

"पुन्हा तळरेषा घेता येते," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "पण चौदा दिवस स्पंद पूर्ण बंद. चट्टे परत येतील, बहुधा जोरात येतील. आणि तुमच्या मानेतल्या धमनीत चरबीचा जो थर आहे ना, दाह वाढला की तो अस्थिर होतो. मी तुम्हाला धोका नाही असं सांगणार नाही."

"किती धोका?"

"आकडा नाही माझ्याकडे. तुमच्यासारखी तळरेषा आजवर कोणी लावलीच नाही. लोक पुस्तिका वाचतच नाहीत, ताई. तुम्ही वाचून सुधारलीत."

हेमलताबाई हसल्या नाहीत. "तेवीस मार्चच्या आत व्हायला हवं."

"भावासाठी?"

"तो नको म्हणालाय. पण मी जाणार. आणि जाईन तर रिकामी जाणार नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या स्वच्छ हातांकडे पाहिले. "ठीक आहे. उद्यापासून. पण या वेळी माणसांत राहा."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "कोणत्या माणसांत?"



*

घरी येऊन त्यांनी वहीचे नवे पान काढले. डावीकडे तारखा लिहिल्या, उजवीकडे माणसे. उजवीकडची बाजू भरेना. त्यांनी चौगुलेबाई लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मग वाचनालय, मंडई, एसटी स्थानक अशी ठिकाणेच लिहिली.

पहिल्या दिवशी त्या मंडईत गेल्या आणि एकच पेंडी मेथी घ्यायला चार विक्रेत्यांशी बोलल्या. तिसऱ्या दिवशी एसटी स्थानकाच्या बाकावर दोन तास बसल्या. जतला निघालेली एक बाई त्यांना आपल्या सुनेबद्दल सांगत राहिली आणि गाडी लागताच वाक्य अर्धे टाकून पळाली. पाचव्या दिवशी उजव्या कोपराला खाज सुटली. सहाव्या दिवशी तिथे नाण्याएवढा लाल ठिपका आला. सातव्या दिवशी त्या चौगुलेबाईंकडे गेल्या. चौगुलेबाईंनी पोहे दिले, मायेने बोलल्या, आणि त्यांची नजर तीन वेळा हेमलताबाईंच्या कोपरावर गेली. परतल्यावर हेमलताबाईंनी दार लावले आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. चार महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांना ते घर रिकामे वाटले. आधीही ते इतकेच रिकामे होते, हे त्यांना आता कळत होते.

श्रीरंगला त्या रोज सकाळी नऊ वाजता फोन करत. तो उचलत नसे. नवव्या दिवशी त्याने उचलला.

"काय आहे?"

"श्रीरंग, मला बोलायचंय."

"बोल की. मापन चालू असेल तर माझा आकडा लिहून घे. रक्तदाब एकशे तीस, ऐंशी."

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? दिवाळीच्या दिवशी डबा घेऊन दारात उभा होतो मी! बहिणीच्या दारावर पाटी! पोस्टमनला पण असं कोणी हाकलत नाही. जिना उतरताना वाटलं, कोणी पाहिलं तर काय म्हणेल? अगं, आई तुझा टॉवेल वेगळा ठेवायची तेव्हा रोज त्याच टॉवेलला हात पुसायचो मी. तिच्यासमोर! बोलणी खाल्लीत त्यासाठी. मी कधी तुला वगळलं?"

'वगळलं' हा शब्द ऐकताच हेमलताबाईंच्या छातीत काही तरी सुटले. स्पंद आला नाही. कोणी दोर ओढला नाही. ठोके कानात वाजू लागले आणि तोंडून जो आवाज आला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"अक्का?" पलीकडचा आवाज बदलला. "ए अक्का. रडतेस काय?"

"मला भीती वाटते रे," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू मरशील याची."

श्रीरंगने दुकानातला चालू पंप बंद केल्याचे ऐकू आले. मग तो म्हणाला, "हां. आता कसं. आता जरा बरं वाटलं मला."

"बरं काय वाटलं, गाढवा!"

"तेवीसला सकाळी सहाला आत घेणार आहेत. उशीर करू नकोस."

*

चौदा दिवस संपले तेव्हा दोन्ही कोपर, गुडघे आणि बोटांचे सांधे लाल झाले होते. दवाखान्यात पडद्यावर नवी रेषा आली. तेरा दिवस लहान लहान लाटांचे, आणि नवव्या दिवशी सकाळी एक उभा कडा : ठोके एकशे अठरापर्यंत, मग पंचवीस मिनिटांत सावकाश उतार. उतारानंतर ठोक्यांमधली अंतरे अशी मोकळी झाली होती, जशी त्यांच्या कोणत्याही जुन्या आलेखात नव्हती. केंद्रात जनित्रावरचा भार मुद्दाम एका झटक्यात काढून पाहत. यंत्र किती उसळते ते त्या परीक्षेत कोणी फारसे विचारत नसे, ते परत कसे येते हे पाहत.

पडद्यावर प्रश्न आला : 'दिवस ९ अपवादात्मक आहे. वगळायचा का?'

"ताई, हे नीट समजून घ्या," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "वगळला तर रेषा घट्ट बसते. बुगडी जास्त वेळा काम करेल, आणि लहानसहान चढउतार तिला आता चालतात, त्यामुळे मागच्यासारखं सपाटही होणार नाही. त्वचा साठ-सत्तर टक्के साफ होईल. ठेवला तर ती एवढी उसळीही तुमचीच मानेल. मग ती कमी काम करेल. त्वचा निम्मी, कदाचित त्याहून कमी. हृदयाचं संरक्षण त्याच प्रमाणात. वैद्यकीय दृष्टीने विचाराल तर मी वगळा म्हणेन."

आयुष्यभर हेमलताबाईंनी असे बिंदू खोडले होते. दहा वाचनांतले एक फटकून पडले की त्याभोवती लाल वर्तुळ, आणि सरासरीतून बाहेर. त्यांनी बोटांच्या सांध्यांकडे पाहिले. अर्ध्या बाहीचा झंपर त्यांनी आजही घातला होता.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"त्या दिवशी काटा अडकला नव्हता. त्या एकाच दिवशी."

*

तेवीस मार्चला सकाळी सहाला श्रीरंगला आत नेले. चाकांच्या खाटेवरून त्याने हात वर केला आणि म्हणाला, "अक्का, दुकानाची किल्ली शर्टाच्या खिशात आहे. आणि तुझ्या बुगडीला सांग, आज सुट्टी घे म्हणावं." दार बंद झाले.

पाच तास लागतील असे सांगितले होते. प्रतीक्षालयातल्या भिंतीवर रुग्णांच्या नावांपुढे दिवे होते, आणि श्रीरंगच्या नावापुढचा दिवा पिवळा होता. साडेअकरा झाले. बारा झाले. इतर रुग्णांबरोबर आलेली माणसे घोळक्याने बसली होती, डबे उघडत होती, एकमेकांच्या खांद्यावर झोपत होती. हेमलताबाईंच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. एक बाई बसायला आली, त्यांच्या हातांकडे पाहून पिशवी उचलून पलीकडे गेली. त्याचे थोडे वाईट वाटले, नेहमीइतके.

साडेबाराला छातीत ढोल वाजू लागला. ठोके एकशे चारवर गेले, मग एकशे दहावर. तळवे ओले झाले. डोळ्यांपुढे अठ्ठावन्न मिलिमीटर व्यासाची एक पातळ भिंत येत होती आणि ती हटत नव्हती. त्यांना वाटले, आता कानात झिणझिणी येईल, निदान एकदा यावी. त्यांनी वाट पाहिली. ती आली नाही. ही भीती त्यांचीच आहे, हे उपकरणाने मान्य केले होते. ती सबंध त्यांच्या वाट्याला आली होती, आणि तिच्यात त्यांना सोबत करणारे तिथे कोणी नव्हते. त्या ताठ बसून राहिल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडले. हिरव्या पोशाखातल्या परिचारिकेने कागदावर पाहिले.

"श्रीरंग जंगमांचं कोण आहे?"

हेमलताबाई उठल्या.

"ऑपरेशन झालंय. अजून शुद्ध नाही, नळ्या आहेत, बघून घाबरू नका. एकालाच आत सोडतो." तिने त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले. "तुमच्याबरोबर कोणी नाही का, मावशी?"

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "मी त्याच्याबरोबर आलेय."

आणि धडधडत्या छातीने त्या आत गेल्या.